मुंजीच्या वाट्या

सकाळी साडेसात ही नीरजाची वरदवर चिडण्याची वेळ होती. तेव्हा मेक्सिकोत आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असत, वरद कुणाच्या तरी ओसरीवर जेवून बसलेला असे, आणि शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुकरची दुसरी शिट्टी झालेली असे. नीरजा मुलींच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवायची. सव्वाआठला घर सोडावं लागे. सगळं ओरडणं तेवढ्या पाऊण तासात बसवायचं असे, आणि ती ते बरोबर बसवत असे.

"आज कुणाच्या डोक्यावर बसलायस?" ती विचारी.

"एक शेतकरी आहेत. काय माणसं आहेत गं आई! स्वतःची खाट दिली मला."

"आणि ते कुठं झोपणार?"

"खाली."

"लाज नाही वाटत रे तुला?"

वरदला वाटत नसे. सव्वीस वर्षांचा घोडा, धडधाकट, शिकलेला. चांगली नोकरी सोडून पाठीवर एक सॅक टाकून मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांतून हिंडत होता, आणि तेही कमीत कमी खर्चात. हॉटेलात म्हणून राहायचं नाही, ही त्याची प्रतिज्ञा. मालवाहू टेम्पोत मागे बसायचं, दिवस मावळेल तिथं उतरायचं, एखादं दार वाजवायचं आणि अंगणात तंबू लावू का, असं विचारायचं. बहुतेक ठिकाणी लोक तंबू लावू देत नसत. घरात घेत, जेवू घालत, पांघरूण देत. वरद याला 'लोकांमध्ये राहून प्रवास' म्हणायचा. नीरजाच्या मते याला पुण्यात दुसरा शब्द होता, पण तो ती शाळेच्या वेळेआधी उच्चारत नसे.

"आई, तू चिडतेस, कारण आपल्याला हे माहीतच नाही," एकदा तो म्हणाला. "आपल्या दारावर काय पाटी आहे? दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. इथं बेलच नाहीये कुणाकडे. गेल्या वर्षी त्या दोन फ्रेंच मुलांना दोन दिवस राहू दे म्हटलं, तर तू काय सांगितलंस? रंगकाम चाललंय. कसलं रंगकाम गं? तू आयुष्यात कधी कुणाला ठेवून घेतलंस?"

हे नीरजाला झोंबलं, कारण खरं होतं. तिनं फोन नवऱ्याकडे, श्यामसुंदरकडे दिला. श्यामसुंदर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि खडकवासल्याच्या पाण्याखेरीज कशाचीही पातळी वाढली तरी त्यांना फारसा फरक पडत नसे. "जेवलास का?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

वीस मार्चचं परतीचं तिकीट होतं. एक एप्रिलला वाघोलीजवळच्या एका कंपनीत रुजू व्हायचं होतं. या दोन्ही तारखांभोवती नीरजानं फ्रिजवरच्या कॅलेंडरमध्ये लाल पेनानं गोल केले होते. जायच्या आधी वरदनं एकदा तारीख पुढं ढकललेली होती, म्हणून वीसभोवतीचा गोल जरा जोरात काढलेला होता.

त्याला थांबवता आलं नाही, तेव्हा तिनं निदान अब्रू राखायचं ठरवलं. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढं तरी त्यानं पाळावं. माळ्यावर वरदच्या मुंजीतल्या स्टीलच्या वाट्यांचं खोकं होतं. आलेल्यांना आहेरात द्यायला केलेल्या, चाळीस उरलेल्या. प्रत्येक वाटीच्या कडेखाली मशीननं कोरलेलं: 'चि. वरद याची मुंज, १० मे २००७'. त्यातल्या बारा वाट्या तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून सॅकच्या तळाशी कोंबल्या.

"जिथं राहशील तिथं एक द्यायची. आणि सांगायचं, हे माझं नाव आहे."

"माझ्या मुंजीच्या वाट्या मेक्सिकोत वाटू?" वरद हसून हसून खाली बसला. पण घेऊन गेला.

मुंजीनं वरदला आणखी एक गोष्ट दिली होती. चित्राहुती. गुरुजींनी शिकवलेलं बाकी सगळं तो आठवड्यात विसरला, पण जेवण्याआधी ताटाभोवती पाण्याचं कडं फिरवायचं आणि उजव्या हाताला पाच छोटे घास मांडायचे, हे मात्र त्याला चिकटलं ते कायमचं. भक्तिभाव वगैरे काही नाही. हाताला सवय, बस्स. पिझ्झाच्या खोक्याभोवतीसुद्धा पाणी फिरवायचा आणि मित्रांकडून टपल्या खायचा. पाचवा घास तो बाकीच्या चारांपासून बोटभर लांब ठेवी. बिल्डिंगखाली एक लंगडं कुत्रं होतं, आठ वर्षांच्या वरदनं परस्पर ठरवलं होतं की पाचवा घास त्याचा. कुत्रं त्याच पावसाळ्यात मेलं. घास लांबच राहिला. हे कारण नीरजाला माहीत होतं, आणि वरदला. श्यामसुंदरनासुद्धा माहीत नव्हतं.

*

पहिली वाटी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आली.

सकाळी नीरजा चहा टाकायला गेली, तर ओट्यावर, पाण्याच्या फिल्टरशेजारी वाटी. आत मूठभर मक्याचे दाणे. निळसर काळे, शाईत बुडवल्यासारखे. वाटीचं बूड धुरानं काळं झालेलं आणि तिला लाकडाच्या चुलीचा वास. कडेखाली वरदचं नाव.

"विमलाबाई, खोकं कुणी काढलं?"

"कंचं खोकं?" भांडी घासता घासता विमलाबाईंनी विचारलं.

"माळ्यावरचं. मुंजीच्या वाट्यांचं."

"माळ्यावर म्या कशाला चढू, ताई? गुडघं कुठं हायेत मला?"

नीरजानं श्यामसुंदरना शिडीवर चढवलं. खोकं जसंच्या तसं, चिकटपट्टीसकट. आत अठ्ठावीस वाट्या.

"बारा त्यानं नेल्या. अठ्ठावीस इथं. मग ही कुठली?"

"तेव्हा मोजण्यात चूक झाली असेल," श्यामसुंदर शिडीवरून म्हणाले.

"मी मोजण्यात चूक करत नाही."

"मग वाटी चुकली असेल," ते म्हणाले आणि उतरले.

आठ दिवसांनी दुसरी आली. हिच्यात जाडं, करड्या रंगाचं मीठ. मग तिसरी. हिच्यात गुळाचा काळपट खडा, उसाचा वास येणारा. नीरजाच्या डोक्यात आता एकच विचार होता: बिल्डिंगमधलं कुणीतरी चेष्टा करतंय. वरद इन्स्टाग्रामवर सगळं टाकतोय, वाट्यासुद्धा. कुणीतरी तशाच वाट्या करून आणल्या असणार. चेष्टेखोराला पकडायला तिनं दाराला आतून दुसरी कडी लावली, खिडकीच्या जाळीला दोरी बांधली. वाट्यांना त्याचा काही फरक पडला नाही.

तिचा संताप चोरीपेक्षा वेगळ्याच गोष्टीचा होता. कुणाचं भरलेलं भांडं घरात पडून राहणं तिला सहन होत नसे. शेजारणीनं वाटीभर खीर दिली, की त्या वाटीत चार शंकरपाळे का होईना, घालूनच ती परत करायची, ही तिच्या आईची शिस्त. आता ओट्यावर तीन भांडी, तिन्ही भरून आलेली, आणि द्यायचं कुणाला? शेवटी एका शनिवारी तिनं वैतागून शेंगदाण्याची चटणी कुटली. हात सवयीनं वरदच्या मापावर गेला, म्हणजे मिरची नावापुरती आणि गूळ जरा जास्त, कारण त्याला तिखट सोसायचं नाही. वाटी भरली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"ने," ती कुणालातरी म्हणाली. "आणि आता पुरे कर."

सकाळी वाटी नव्हती.

सोमवारी साडेसातला वरदचा आवाज आनंदानं फुटत होता. "आई, इथं दोन्या तोमासानं काल काय केलं असेल सांग! शेंगदाण्याची चटणी! तुझ्यासारखीच. गूळ पण घातलेला. मी रडलोच गं."

नीरजानं खिडकीच्या कट्ट्याकडे पाहिलं.

"शेंगदाणा तिकडचाच," श्यामसुंदर पेपरामागून म्हणाले. "मिरचीसुद्धा. आपणच त्यांच्याकडून घेतली."

*

दोन्या तोमासा, म्हणजे तोमासाबाई, ही वरदची नवी यजमानीण. वाहाका राज्यातल्या डोंगरात, जिथं रस्ता संपून पायवाट लागते, तिथल्या एका गावातली. साठीची बाई, अंगानं बारीक, केसांच्या दोन वेण्या. तिनं वरदला एका रात्रीसाठी घरात घेतलं होतं, त्याला आता अकरा दिवस झाले होते.

"अकरा दिवस कुणी कुणाकडे राहतं का?" नीरजा म्हणाली.

"ती जाऊच देत नाही गं. तिचा मुलगा आठ वर्षांपूर्वी उत्तरेकडे, अमेरिकेत कामाला गेला. एलियास. तेव्हापासून फोन नाही, पत्र नाही. मी त्याच्याच खोलीत आहे. त्याच्या खाटेवर."

"म्हणून काय झालं? तू तिचा एलियास आहेस का?"

वरदनं फोन दुसऱ्या हातात घेतला. त्याच्यामागे चूल दिसत होती, आणि चुलीपाशी पाठमोरी बसलेली ती बाई. तिच्या शेजारी फळीवर स्टीलच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. नीरजानं मोजल्या. नऊ.

"वरद, तू वाट्या प्रत्येक ठिकाणी एकेक दिल्यास ना?"

"हो."

"मग तिच्याकडे नऊ कशा?"

वरदनं मागे वळून पाहिलं. "अरे, हो की," तो म्हणाला, जणू ते त्याला आत्ताच दिसत होतं. मग रेंज गेली.

त्या आठवड्यात दोन वाट्या आल्या. एकीत दोऱ्याचा तुकडा होता. लाल, मळलेला, गाठीसकट कापलेला. नीरजानं तो बोटांत धरला आणि तिला ओळखायला क्षणही लागला नाही. जोगेश्वरीचा दोरा. विमानतळावर निघताना तिनंच वरदच्या मनगटाला बांधला होता, दोन गाठी मारून, कारण एकीवर तिचा विश्वास नव्हता.

तिनं फोन लावला. लागला नाही. संध्याकाळी वरदचा मेसेज आला: दोन्या तोमासानं जुना दोरा कापून नवीन बांधला. तिच्या पद्धतीचा. भारी दिसतोय. आणि आई, तिकीट पंधरा दिवस पुढं ढकलू का?

ही मात्र हद्द झाली. नीरजानं वाट्या पिशवीत घातल्या आणि तडक हमीदभाईंकडे गेली.

रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानाबाहेर हमीदभाई चाळीस वर्षं स्टुलावर बसून नावं घालत होते. मुंजीच्या वाट्यांवरची नावंसुद्धा त्यांनीच घातली होती. नीरजाला फक्त एकच सिद्ध करायचं होतं, की या वाट्या नकली आहेत आणि हे कुणाचं तरी पोरकट काम आहे. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाटी उजेडात फिरवली.

"अक्षर माझंच आहे, ताई. हा 'मुं' बघा, अनुस्वार मी असा थोडा उजवीकडे मारतो. मशीन तसंच जातं माझं."

"नक्की?"

"आपल्या मुलाला बाप ओळखत नाही का?" मग ते थांबले. अंगठ्यानं त्यांनी एक जागा चाचपली. दुसरी वाटी उचलली, तिसरी उचलली. "हे मात्र काय आहे?"

नीरजानं पाहिलं. पहिल्या वाटीवर सगळं स्वच्छ होतं. दुसरीवर मधली अक्षरं फिकट. शेवटच्या दोन वाट्यांवर 'चि.' होतं, पुढं 'याची मुंज', पुढं तारीख. मधली जागा आरशासारखी गुळगुळीत.

"घासून गेलं असेल," ती म्हणाली.

"कोरलेलं घासून जात नाही, ताई. आणि गेलं तर सगळं जाईल. नेमकं नाव कसं जाईल?" हमीदभाईंनी मशीन सुरू केलं, अगदी नेहमीच्या सवयीनं. "घालून देतो परत. कुणाचं नाव घालू?"

साधा प्रश्न होता. दिवसातून पन्नास वेळा ते तो विचारत असतील. नीरजानं मात्र मशीन बंद करायला लावलं. तिनं वाट्या पिशवीत टाकल्या, राहू द्या म्हणाली आणि घरी येईपर्यंत चालतच राहिली. रिक्षा करायचंही सुचलं नाही.

*

तिला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा राग मोठा होता. कुणा एका परक्या बाईनं आपला मुलगा ठेवून घ्यावा? पाहुणचाराच्या नावाखाली? आपण बांधलेला दोरा कापून?

तिनं मोबाइलवर भाषांतराचं ॲप उघडलं. वहीचं पान फाडलं. वर मराठीत लिहिलं, खाली ॲपनं दिलेली स्पॅनिश वाक्यं एकेक अक्षर जुळवून उतरवली.

'माझा मुलगा मला वीस तारखेला परत द्या. तुमचा तुम्हाला परत मिळो.'

दुसरं वाक्य लिहायची गरज नव्हती. पण आपण शिकलेल्या घरातल्या, नुसतं मागून मोकळं होणं तिला बरं दिसेना. शिवाय त्या बाईची आठ वर्षं तिला, राग असला तरी, कळत होती. चिठ्ठी तिनं घडी घालून वाटीत ठेवली. वर चटणी घातली नाही. कट्ट्यावर ठेवून खिडकी लावून घेतली.

सकाळी वाटी गेली होती. त्याच्या दुसऱ्या सकाळी ती परत आली.

पहिल्यांदाच रिकामी. राखेनं घासून लखलखीत केलेली. नाव नाही, 'चि.' नाही, तारीख नाही. कोरी.

रिकामी वाटी परत करायची पद्धत त्या बाईकडेही नसणार, एवढं नीरजाला एव्हाना कळलं होतं. तिनं वाटी उलटीसुलटी करून पाहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, वीसला निघतोय," वरद म्हणाला. आवाज दमलेला होता. "तिनंच सॅक भरून दिली."

नीरजा ओट्याला टेकून रडली. श्यामसुंदरनी गॅस बंद केला.

*

वरद रविवारी सकाळी आला. वाळला होता, काळवंडला होता, पण तोच होता. डाव्या भुवईवरचा सायकलवरून पडल्याचा व्रण तिथंच होता. नीरजानं आधी तोच पाहिला. मग त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "मूर्खा." आणि आठवडाभर पुरेल एवढं ओरडायला तयार झाली.

ओरडायला काही सापडेना.

ओला टॉवेल पलंगावर नव्हता. दोरीवर होता, चार टोकं जुळवून. जेवल्यावर वरदनं ताट उचललं, घासलं, पुसलं. विमलाबाई बघतच राहिल्या. "परदेशात जाऊन पोरगं सुधारलं की," त्या म्हणाल्या.

बोलायचा कमी. विचारलं तर थोडं थांबून उत्तर द्यायचा.

"तीन महिने स्पॅनिश बोललाय," श्यामसुंदर म्हणाले. "जीभ वळायला वेळ लागणारच."

पहिल्या दिवशी वरणभातावर त्यानं हिरवी मिरची कच्ची खाल्ली. देठापर्यंत, सावकाश, डोळ्यांत टिपूसही न येता. मग दुसरी.

"जीभ तयार झाली," श्यामसुंदर म्हणाले.

वरणाला मीठ कमी आहे का, असं नीरजानं विचारलं, कारण त्याची नजर टेबलावर काहीतरी शोधत होती. तो हसला आणि नको म्हणाला. पाहुणे म्हणतात तसं.

चित्राहुतीची ती वाट बघत होती. पाण्याचा पेला तिनं मुद्दाम उजव्या हाताशी ठेवला. त्यानं तो उचलला आणि प्यायला.

पद्धती मोडतात. तीन महिने लोकांच्या चुलीपाशी जेवल्यावर कोण पाणी फिरवत बसेल? नीरजानं स्वतःला हे सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं. बुधवारी तिनं कोरी वाटी त्याच्यापुढं आमटीनं भरून ठेवली. जेवून त्यानं ती घासली, पुसली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध तसाच उभा राहिला. समोर रॅक होता. सव्वीस वर्षं तिथंच असलेला.

"ही कुठं ठेवायची?" त्यानं नम्रपणे विचारलं.

*

पुढच्या रविवारी, सकाळी साडेसातला, नीरजाचा फोन वाजला. ही वेळ आता मोकळी होती. तिला चिडायचं काही कारण उरलं नव्हतं.

दोन्या तोमासाचा मेसेज होता. तिच्याकडे नंबर असणारच, वरदनं दिला असेल. नीरजानं मजकूर ॲपमध्ये टाकला.

'ताई, तुमचे उपकार. माझा एलियास शुक्रवारी घरी आला. आठ वर्षांनी. तुमचं वाक्य खरं झालं.'

खाली फोटो.

नीरजाला खरंच बरं वाटलं. टेबलावर वरद पोहे खात होता, श्यामसुंदर पेपर वाचत होते, आणि कुठल्याशा डोंगरात आणखी एका बाईच्या घरी मुलगा आला होता. तिनं फोटो मोठा केला.

चुलीपाशी बसलेला एक माणूस. तिशी ओलांडलेला, रुंद चेहऱ्याचा, अनोळखी. गालावर देवीच्या वणांसारखे खड्डे. तो कॅमेऱ्याकडे बघत होता आणि हसत नव्हता. फार लांबून ओळखीचं कुणी दिसावं आणि हाक पोचू नये, तसा बघत होता.

त्याच्यापुढं जमिनीवर मातीचं ताट होतं.

ताटाभोवती ओलं कडं होतं. धुळीत स्पष्ट उमटलेलं, पूर्ण गोल.

वरदनं शिकवलं असेल तिला, नीरजा मनात म्हणाली. तिनं मुलाला शिकवलं असेल. तिची बोटं तोवर फोटो आणखी मोठा करत होती.

ताटाच्या उजव्या बाजूला भाकरीचे छोटे तुकडे होते. चार, एका ओळीत.

पाचवा बोटभर लांब होता.

पेपराचं पान उलटलं गेलं. चमचा ताटलीवर वाजला. नीरजाला ओरडायचं होतं, आणि कुणावर ओरडायचं ते कळत नव्हतं. मागितलं तिनंच होतं. दोन्ही वाक्यं तिच्याच अक्षरात होती.

शेवटी तिनं ॲप उघडलं. एक वाक्य लिहिलं, पुसलं. दुसरं लिहिलं, पुसलं. तिसरं पाठवलं.

'त्याला तिखट सोसत नाही.'

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. ती बाई फोन हातात घेऊनच बसली असावी.

'माहीत आहे,' उत्तर आलं. आणि थोड्या वेळानं, 'तुमच्याकडच्याला वरून मीठ लागतं. तो मागणार नाही. भिडस्त आहे.'

नीरजानं फोन उपडा ठेवला. उठली, फडताळ उघडलं आणि मिठाची वाटी काढून त्याच्या ताटलीच्या डाव्या बाजूला सरकवली.

त्यानं वर पाहिलं. आला त्या दिवसापासून पहिल्यांदाच तो मोकळेपणानं हसला.